चासीच्या डाव्या पट्टीवरचा नंबर

१४ एप्रिल २०११, गुरुवार

प्रिय ड्वेन,

तू बरा असशील असं धरून लिहिते. इकडे थंडी ओसरली आहे, शेतं अजून ओली आहेत, मी ठीक आहे. बारा वर्षांनी भावाला पहिलं पत्र लिहायचं आणि सुरुवात हवापाण्याने करायची, हे बरं दिसत नाही; पण खोडत नाही. एकदा खोडायला लागले की माझं काय होतं ते मला माहीत आहे. घरात अशा अर्ध्या वह्या पडल्या आहेत.

बाबा गेले. तीन मार्चला सकाळी, दवाखान्यात, फार त्रास न होता. तुला कळवायचं राहून गेलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तू दर नाताळात मिलोकाकांना कार्ड पाठवतोस आणि त्यावर तुझा पत्ता असतो, हे मला ठाऊक होतं. तो मी अंत्यविधीच्या आधी मागितला नाही, नंतर मागितला. असं का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आपल्या साप्ताहिकात मृत्युलेख मीच लिहिते, म्हणून बाबांचाही मीच लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'त्यांनी स्वतःच्या हातांनी, जुन्या गाड्यांचे भाग जोडून, एक हॉट रॉड उभी केली.' अंक निघाला त्या दुपारी मिलोकाका तो गुंडाळी करून हातात घेऊन ऑफिसात आले.

"स्वतःच्या म्हणजे कुणाच्या गं?"

"बाबांच्या."

"असं? मग तुझ्या बापाला, लॅडीला, चार हात होते म्हणायचे. आम्ही साठ वर्षं शेजारी राहिलो, दोनच दिसले."

माझ्या टेबलावरचा कोलाचे, जर्दाळूचा गोड पाव, त्यांनी उचलला आणि खुर्चीवर न बसता निघून गेले. वाक्य चुकीचं होतं हे लिहितानाच मला कळत होतं. तरी ते माझ्याकडून लिहिलं गेलं.

आता कामाचं. शेत श्राडरांनी घेतलं आहे. शेड एकतीस जुलैपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. गाडी तिथेच आहे, तू सोडून गेलास तेव्हा होती तशीच, ताडपत्रीखाली. टायर बसले आहेत, बाकी काही बिघडलेलं दिसत नाही. पण तिला मालकीचा कागद नाही, आणि कागद नसलेली गाडी अख्खी कुणी घेत नाही, हलवू देत नाही. इंजिन एकाकडे जाईल, बॉडी दुसऱ्याकडे. मिलोकाका म्हणतात, "पोरी, सतरा वर्षं जोडत होते दोघं. सुटी करायला दोन तास पुरतील." मला ते व्हायला नको आहे. माझ्या मनात एवढी एकच गोष्ट स्पष्ट आहे. कागद झाल्यावर गाडी कुणाची, कुठे जाणार, हे मला अजिबात कळलेलं नाही.

म्हणून मी कोर्टहाउसमध्ये गेले. खिडकीवर अजून बर्नडीनच आहे.

"वर्ष?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"गाडीचं, बाई. माझं कशाला विचारेन मी तुला?"

मी म्हणाले, "चासी बत्तीसच्या फोर्डची. बॉडी एकतीसच्या फोर्डची. इंजिन एक्कावन्नच्या ट्रकचं. मागचा ॲक्सल चाळीसच्या पिकअपचा. सीट शाळेच्या बसची आहे, ती कुठल्या सालची ते माहीत नाही."

"रकाना एकच आहे."

"मग काय लिहू?"

"मला काय विचारतेस? मी पंचेचाळीस सालची आहे आणि माझा डावा गुडघा दोन हजार सहाचा आहे. मला तरी कोण कागद देणार?"

मागची रांग हसली, मीही हसले. मग तिने चष्मा लावून नियम वाचून दाखवले. घरी जोडलेली गाडी म्हणून अर्ज करायचा. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, प्रत्येकाची खरेदीची पावती लावायची. महामार्ग पोलिस येऊन सगळे नंबर तपासणार. शेवटी शपथेवर लिहून द्यायचं, गाडी कुणी जोडली आणि कशाकशातून जोडली.

बाबांच्या कॉफीच्या डब्यात तीन पावत्या सापडल्या. चासीची नाही. ती चासी मिलोकाकांच्या झाडीतून तू आणलीस, सतरा वर्षांचा असताना. त्यांनी तेव्हा तुझ्या नावाने चिठ्ठी लिहून दिली होती, बियाण्याच्या पोत्याच्या लेबलावर, असं ते म्हणतात. ती तुझ्याकडे आहे का? असली तर पाठवशील का? डब्यात आणखी एक कागद आहे, त्या दुसऱ्या मोडलेल्या फोर्डचा, बाबांच्या नावाचा. तो तू पाहिला आहेस. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

उत्तराची सक्ती नाही. पण वाट पाहीन.

कोरीन


२३ मे २०११, सोमवार

प्रिय ड्वेन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असावं. किंवा तुझ्या गावच्या पोस्टात परत पाठवायची पद्धत नसेल. तू कुठल्या प्रकारच्या घरात राहतोस, कुणाबरोबर राहतोस, हेही मला माहीत नाही, मिलोकाकांना विचारलं तर म्हणाले, "कार्डावर तेवढी जागा नसते."

शुक्रवारी तपासणी झाली. ती सविस्तर सांगते, कारण त्यानंतरचं जे सांगायचं आहे ते सविस्तर सांगायची माझी तयारी होते आहे की नाही, याचा अंदाज येत नाहीये.

महामार्ग पोलिसांचे सार्जंट ओकेसन स्वतः शेडवर आले. पन्नाशीचे, शांत, बूट पुसून आत येणारे. ताडपत्री काढल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "छत कुणी कापून खाली घेतलंय?"

"माझ्या भावाने."

"सांधा सापडत नाही." त्यांनी दोनदा हात फिरवून पाहिला. "भाऊ कुठे असतात?"

"मोंटानात."

मी त्यांना बाबांचा तो कागद दिला. ड्वेन, मी तो का नेला? तुझी चिठ्ठी आली नव्हती, तारीख ठरलेली होती, हे कारण खरं आहे. पण तो कागद चालून गेला तर पुढचं काहीच कुणाला सांगावं लागणार नाही, हेही तितकंच खरं आहे. दोन्हींपैकी कुठलं आधी मनात आलं, ते मी तीन दिवस वहीत शोधते आहे.

त्यांनी गुडघे टेकले, टॉर्च आणि छोटा आरसा घेतला आणि स्टिअरिंगच्या पेटीजवळ, डाव्या पट्टीवरचा नंबर पाहिला. कागदाशी जुळवला.

"जुळतो," मी म्हणाले.

"जुळतो," ते म्हणाले. "पण कारखान्याचा नाही."

"कशावरून?"

"कारखान्यातला माणूस दिवसभर हेच ठोकायचा. कंटाळलेला असायचा. एखादा आकडा वर जायचा, एखादा खोल. हा कुणीतरी फार काळजीने ठोकला आहे. खाली पट्टी धरून. दोन आकड्यांतलं अंतर पाहा, सगळीकडे सारखं." मग वर न बघता विचारलं, "कुणी ठोकला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ते उठले, हात पुसले. त्यांनी जे सांगितलं ते तुला लहानपणापासून माहीत असेल, मला माहीत नव्हतं. त्या चासीवर नंबर तीन ठिकाणी असतो. एक बाहेर, तो गंजाने खाल्ला असणार. दोन बॉडीखाली, ते टिकतात. "बॉडी उचलून ठेवा. दहा जूनला मी ते पाहीन. तिथे वेगळा नंबर निघाला तर गाडी मला ठेवून घ्यावी लागेल."

"किती दिवस?"

"चोरीची नाही हे कळेपर्यंत. आणि मालक कोण ते कागदावर आलं नाही, तर मग भंगारात जाते. मला ते आवडत नाही, पण जाते." ते पुढे म्हणाले, "चासीच्या मालकाने पावती दाखवली आणि हा नंबर इथे कसा आला ते कुणी शपथेवर खरं सांगितलं, तर राज्य नवा नंबर देतं. छोटी पट्टी येते. मीच बसवतो."

"आणि ज्याने हा ठोकला त्याचं?"

"ते काउंटीचे सरकारी वकील बघतात. माझं काम गाडीपुरतं." दारापाशी ते वळले. "आज विचारलं ते मी लिहून घेतलेलं नाही, बाई. दहा तारखेला विचारीन ते लिहून घेईन."

आता लिहिते.

तो नंबर बाबांनी ठोकला नाही. मी ठोकला.

तू तेव्हा आठवडाभर रेल्वेच्या कामावर असायचास आणि रविवारी यायचास. गाडी जवळजवळ झाली होती. बाबांनी कुठून तरी त्या मोडक्या फोर्डचा कागद आणला, गाडी नाही, नुसता कागद, जसे सगळेच आणतात, आणि मला म्हणाले, "कॉलेज शिकलीस ना, वाच आणि सांग, एवढ्याने भागेल का." मी वाचलं. फॉर्मवर लिहिलं होतं की गाडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक असला पाहिजे. आपल्या चासीवर त्या जागी नुसता गंजाचा खड्डा होता. मला वाटलं, रकाना रिकामा आहे, तो भरायचा आहे. मी एकतीस वर्षांची होते, लोकांच्या बातम्यांतल्या तारखा तपासून देणारी बाई होते, आणि मला खरोखर वाटलं की मी ते नीट करते आहे. बाबांनी खड्डा घासून सपाट केला आणि दिवा धरला. आकडे उमटवायचे लोखंडी पंच मी धरले, कारण त्यांचा हात हलायचा. पट्टी माझी होती. शाळेतली, लाकडी.

पुढच्या रविवारी तू आलास. तुला तो नंबर दिसला, बाकावर बाबांच्या नावाचा कागद दिसला. तू म्हणालास, "ही चासी माझी आहे. हा नंबर कुणी ठोकला?"

बाबा म्हणाले, "मी."

मी तिथेच होते, ड्वेन. पंचांचा डबा माझ्या हातात होता. तू म्हणालास, "माझी गाडी कागदावर चोरलीत," आणि मला आठवतं की मी डब्याचं झाकण लावलं. ते घट्ट बसत नव्हतं म्हणून मी ते पुन्हा काढून पुन्हा लावलं. तोवर तुझा ट्रक फाटकाबाहेर गेला होता.

नंतर बाबा आणि मी यावर एकदाही बोललो नाही. त्यांनी तो कागद कधी कोर्टहाउसात नेला नाही. ताडपत्री टाकली, ती टाकलीच.

काही गोष्टी मी अजून ठरवू शकत नाही. तुझा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता आणि ते म्हणाले होते, "तोवर रस्त्यावर आणू." मग कागद स्वतःच्या नावावर का ठेवला? नंतर बदलणार होते? की बदलणार नव्हते, आणि वाढदिवसाचं नुसतं मला पटवायला म्हटलं होतं? शिवाय बॉडीखाली आणखी दोन नंबर असतात हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत होतं तर माझ्या हातात पंच कशाला दिले? मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. बारा वर्षं रोज एका टेबलावर जेवलो, मी विचारलं नाही.

याहून जास्त आज लिहवत नाही. चिठ्ठी पाठवू नये, असं तुला वाटलं तर तेही मी समजू शकेन. गाडी मग जाईल.

कोरीन


१३ जून २०११, सोमवार

प्रिय ड्वेन,

तुझं पाकीट बुधवारी आलं. आत ते बियाण्याचं लेबल होतं, प्लास्टिकमध्ये नीट घातलेलं, मिलोकाकांची सही, तारीख, 'फोर्डची एक चासी, ड्वेन व्होसिका यास विकली.' बाकी काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, मग कात्रीने तिन्ही बाजू उघडून पाहिलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा? तू गाडी वाचवलीस, एवढं नक्की. माझ्याशी बोलायचं नाही, की बोलायला काही सुचलं नाही, की माझं दुसरं पत्र पोचायच्या आधीच टपालात टाकलंस? शिक्का पुसट आहे. भिंगाने पाहिला, एकवीस आहे की सत्तावीस ते ठरत नाही.

गुरुवारी बॉडी उचलली. बोल्ट मिलोकाकांनी सोडवले, काहींना दिवसभर तेल घालून ठेवावं लागलं. उचलायला श्राडर बापलेक, चर्चमधले चार जण आणि मी. सात जणांनी कोपरे धरले आणि मिलोकाका समोर उभे राहून हुकूम देत होते.

"हळू! ती गाडी आहे, वैरण नाही!"

"काका, तुम्हीही हात लावा ना," थोरले श्राडर म्हणाले.

"मी चासी विकली त्या दिवशीच माझं काम झालं."

बॉडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. मी चासीची डावी पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि कारखान्याचा नंबर निघाला. दोन्ही टोकांना एकेक चांदणी, मधे आकडे, वेडेवाकडे, एक सात अर्धा वर गेलेला. मी तो बराच वेळ पाहत बसले. बाकीचे लिंबूपाणी प्यायला गेले.

सार्जंट ओकेसन दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी चांदण्यांचा नंबर उतरवून घेतला, वायरलेसवर कुणाला तरी वाचून दाखवला आणि आम्ही थांबलो. उत्तर आलं, चोरीच्या यादीत नाही. मग त्यांनी फॉर्म काढला, पेन काढलं.

"हा बाहेरचा नंबर कुणी ठोकला, माहीत आहे?"

"मी," मी म्हणाले.

बोलताना मला ऐकू आलं की बाबांनी त्या दिवशी नेमकं एवढंच म्हटलं होतं. सार्जंटनी मान हलवून लिहायला सुरुवात केली. मी तारीख सांगितली, पट्टीचं सांगितलं, बाबांच्या हातातल्या दिव्याचं सांगितलं. दिवा सांगावा की नाही यावर मी अडखळले. गेलेल्या माणसाचं नाव कशाला, असंही वाटलं, आणि दिवा गाळला तर पुन्हा अर्धंच खरं, असंही. सांगितला. ते बरोबर झालं का?

जबाब काउंटीच्या वकिलांकडे गेला आहे. ते बोलावतील किंवा बोलावणार नाहीत. मी संपादकांना आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, "बातमी झालीच तर तू लिहू नकोस म्हणजे झालं." ताज्या अंकात मी एक चौकट दिली आहे, बातमी म्हणून नाही, दुरुस्ती म्हणून: लॅडिस्लाव व्होसिका यांच्या मृत्युलेखात त्यांनी एकट्याने गाडी बांधल्याचं छापलं होतं, ते चुकीचं आहे, ती त्यांनी आणि मुलगा ड्वेन यांनी मिळून बांधली. मिलोकाकांनी ती वाचली, माझ्या जबाबाचंही त्यांना कळलं होतं, आणि फोनवर म्हणाले, "बापाने बारा वर्षं तुझ्यावर पांघरूण घातलं, तू तीन आठवड्यांत ओढून काढलंस." मी विचारलं, "हे तुम्ही चांगलं म्हणताय की वाईट?" ते म्हणाले, "अगं, मला तरी कुठे कळलंय," आणि फोन ठेवला.

गाडी आता महामार्ग पोलिसांच्या आवारात आहे, पत्र्याच्या छपराखाली. बॉडी परत बसवूनच नेली. नवा नंबर मंजूर झाला आहे, पट्टी सार्जंटच्या खणात आहे. पण ती चासीच्या मालकाच्या नावानेच बसते, आणि चिठ्ठीप्रमाणे मालक तू आहेस. मी सही करू शकत नाही. मिलोकाका करू शकत नाहीत. तीस दिवसांत तुझी सही नोटरीसमोर झाली तर गाडी तुझी, रस्त्यावर चालणारी. नाही झाली तर काय होतं ते मागच्या पत्रात लिहिलं आहे.

फॉर्म सोबत जोडला आहे. बर्नडीनने पेन्सिलने फुल्या मारून दिल्या आहेत, तिथे तिथे लिहायचं. वर्षाच्या रकान्यात ती म्हणते 'दोन हजार अकरा' लिही, कारण राज्याच्या दृष्टीने गाडी आत्ता जन्मते आहे. मला ते विचित्र वाटतं. तुला काय वाटतं ते तू लिही.

सातव्या ओळीत विचारलं आहे, गाडी कुणी बांधली. ती मी भरणार होते. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. फक्त तुझं नाव लिहायचं, की बाबांचंही, हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरवायचा हक्क माझ्याकडे कधी नव्हताच, हे आता कळतं आहे. ओळ रिकामी ठेवून पाठवते. या वेळी मी ती भरत नाही.

एकच सांगते. बाबांनी दिवा धरला तेव्हा त्यांचा हात हलत होता, आणि उजेड माझ्या पंचावर नाही, तुझ्या छताच्या सांध्यावर पडत होता. मी दोनदा म्हणाले, "बाबा, इकडे." ते म्हणाले, "हो हो," आणि दिवा तिकडेच राहिला. याचा अर्थ मला लावता येत नाही. तुला लागला तर मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

सही कर किंवा करू नकोस. तुझ्या गाडीला आयुष्यात एकदाच हातोडा लावलेली, आणि तो लावल्याचं बारा वर्षं न सांगितलेली,

तुझी बहीण
कोरीन